डबा ठेवला म्हणजे

रात्री नऊ वाजून चार मिनिटं.
लातूर, औसा रोड, तिसरा मजला.
स्क्रीनवर हिरवी ओळ उमटली :
सर्व निकाल पाठवले.
कुलथे सरांनी पेढ्याच्या बॉक्सची दोरी सोडली.
चारशे बारा पोरं, रविवारची टेस्ट,
चारशे बारा आईबाप फोन उशाला घेऊन,
आणि एकाचाही फोन वाजला नव्हता.

नऊ वाजून सहा. अहमदपूरहून पहिला :
"मॅडम, आमच्या चैत्रालीचं काय झालं?"
मग निलंगा. मग देवणी. मग कुणीतरी नुसतंच खोकलं.

मी कोड वर-खाली केला.
यादी होती. यादीवरून फिरणारी ओळ होती.
प्रत्येक नावापाशी 'थांब' असं मीच लिहिलं होतं,
पण थांबायचं ते त्या नावानं.
फिरणारी कुणासाठी थांबत नाही,
तुला सांगितलं, तुला सांगितलं, तुलाही सांगितलं,
करत टोकाला पोचते, हात झटकते.
काम झालं समजून सर्व्हरनं दार ओढून घेतलं.
चारशे बारा निरोप
उंबऱ्याच्या आतच.

तेवढ्यात दादांचा फोन.
चाकूरला गिरणीचा पट्टा उतरवला की ते रोज करतात,
मागे रिकामा दगड अजून गरगरत असतो.
मी सांगितलं. त्यांना सर्व्हर कळत नाही,
मला अजून कळत नाही
ज्वारीला दगड किती टेकवायचा.
"म्हंजी तू डबे मोजलीस," ते म्हणाले.
"डबा ठिवला म्हंजी दळण झालं का, बाई?"

पितळी, जर्मनचे, पामतेलाचे वरून कापलेले,
भिंतीला लागून उभे असायचे. माणसं बाजारात.
मी लहानपणी त्यांच्यावर खडूनं आकडे घालायची
आणि वाटायचं, झालं की सगळं.
डबा म्हणजे पीठ नव्हे.
डबा म्हणजे पीठ होईल असा शब्द.

मग एकेक पाठवून पाहिलं.
एकाची पोच आल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही.
दर निरोपाला आठ सेकंद.
हिशेब केला : तास होत आला असता,
आणि निलंगा परत फोनवर.

मग सगळे एकदम सोडले.
कंपनीनं तिकडून खिडकीच लावली : एवढी गर्दी नाही चालायची.
त्यातच एक नंबर खोटा निघाला
आणि अख्खी यादी लाल.
खरं तर दीडशेक गेले होते, लालीमागे, गुपचूप.
ते कळेपर्यंत देवणीच्या एका बापाला दोनदा गेला.
त्यानं दोनदा थँक्यू लिहिलं.

"एका डब्यात खडा निघाला म्हणून
गिरणी बंद करतेत का," दादा म्हणाले असते.
विचारलं नाही. ते जेवत असतील.

दहा-दहा घेतले.
एक सुटला की पुढचा आत.
ज्याचं झालं त्याच्या नावापुढे झालं,
ज्याचं बिनसलं त्याच्या नावापुढे का बिनसलं.
दहा वीसला रस्त्यावरची भेळेची गाडी निघून गेली,
मेसमधून पोरांचा गलका उठला, खाली बसला.
सर पेढा हातात धरूनच विचारत होते,
"गेले ना सगळे?"

हिरवी ओळ मी काढून टाकली आहे.
तिथे आता आकडे येतात :
गेले चारशे अकरा. राहिला एक.
फरहान इस्माईल पठाण, उदगीर.
हा क्रमांक अस्तित्वात नाही.

गिरणीत फळीवर असाच एक डबा आहे,
कुणी न्यायला आलं नाही त्याला तीन वर्षं झाली.
दादा पावसाळ्यात झाकण उघडून
सोंडे झालेत का बघतात, पुन्हा लावतात.
नाव विचारलं तर सांगत नाहीत.

मी पेढ्याच्या बॉक्सचा पुठ्ठा फाडला.
फरहान, फिजिक्स, एकशे अडुसष्ट.
उद्या सातच्या बॅचला तो तिसऱ्या बाकावर असतो.